वरची कोथिंबीर

"ताई, यात जरा कोथिंबीर टाका हं."

नाडकर्णी बाईंनी कापडी पिशवीचं तोंड माझ्यापुढे उघडून धरलं. आत शेजारच्या टेबलावरच्या रंगनाथ पेखळेकडची वांगी होती, काटेरी देठांची, तुकतुकीत.

"किती जुड्या देऊ?" मी उत्साहाने विचारलं. माझं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं.

"जुड्या नकोत हो. वर द्या थोडीशी. वांगी घेतली ना आम्ही."

"वांगी त्यांच्याकडून घेतलीत, ताई. त्यांचं टेबल वेगळं, माझं वेगळं."

"वेगळं कसं?" बाई मनापासून हसल्या. "आमच्यासाठी शेतकरी सगळे एकच."

आता यावर काय बोलणार? एवढा मान दिल्यावर मूठभर कोथिंबिरीसाठी कोण तोंड वाकडं करतं? भवानीची वेळ होती, मी मूठभर टाकली. बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून थोडी टाका की. घरचीच तर आहे."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण 'घरचीच तर आहे' हे शब्द कानावर आले की अजूनही माझं डोकं फिरतं. घरची म्हणजे काय फुकटची? बी विकतचं, खत विकतचं, पाणी वीज येईल तेव्हाचं, खुरपायला रोजाच्या बाया. हां, जुड्या बांधताना वाकून वाकून मोडलेली कंबर तेवढी घरची होती.

बाजार भरायचा नाशिकच्या पर्णश्री सोसायटीच्या आवारात, दर रविवारी सकाळी. नाव 'नाळ मातीशी'. आसपासच्या लहान शेतकऱ्यांनी माल थेट आणायचा, मध्ये दलाल नाही, लिलाव नाही. कल्पना वैजयंती सबनीस काकूंची. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि अंगात उत्साह असा की त्या लिफ्टपाशी दिसल्या तर सोसायटीतली माणसं गुपचूप जिना धरायची. काकूंनी आम्हाला टेबलं दिली, वर कापडी मंडप दिले, पुरुषांना एकसारखे फेटे दिले. फाटकावर मोठा फलक लावला: 'बळीराजाचा मान राखा. येथे घासाघीस करू नये.'

आणि खोटं कशाला बोलू, कोणी केली नाही. रंगनाथने वांग्याचा जो भाव सांगितला तो लोकांनी निमूट दिला. घासाघीस न केल्याची जी हळहळ मनात राहायची, ती मात्र माझ्या टेबलापाशी येऊन भरून काढायची.

'वर' ही आपल्याकडची जुनीच रीत. भाजी घेतली की भाजीवालीने चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या, कढीपत्त्याची एखादी डहाळी पिशवीत टाकायची. माहेरी असताना आईबरोबर बाजारात जाऊन मीसुद्धा ती हक्काने मागितलेली आहे. पण वर देणारी बाई खाली काहीतरी विकत असायची. माझ्याकडे खाली काहीच नव्हतं. माझ्याकडे होतं ते सगळं वरचंच.

दुपारी बाजार उठला तेव्हा निम्म्या जुड्या मुठीमुठीने संपल्या होत्या आणि उरलेल्यांनी उन्हाने माना टाकल्या होत्या. पैशाच्या डब्यात चिल्लर वाजत होती. जाता जाता प्रत्येकाने "किती ताजी, किती छान वास!" असं मात्र सांगितलं होतं.

घरी ओट्यावर नाना बसलेले. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांनी टेम्पोतल्या सुकलेल्या जुड्या पाहिल्या, माझ्या हातातला डबा पाहिला.

"इकून आली का वाटून आली?"

त्यांना तसं विचारायचा हक्क होता. विहिरीकडचं ते वीस गुंठे रान मी भांडून घेतलेलं होतं. माझं डी.एड. झालेलं, पण शिक्षकभरती बंद. घरात बसून दुसऱ्यांच्या पोरांचे अभ्यास घेण्यापेक्षा एक तुकडा मला द्या, मी पिकवून आणि विकून दाखवते, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले होते. नानांना तिथे कोंबड्यांची शेड टाकायची होती. शेडचे सिमेंटचे खांबसुद्धा येऊन बांधावर पडले होते.

"ही कोथमीर निघंपर्यंत रान तुझं," नानांनी सांगितलं होतं. "पैसा दिसला तर म्होरंबी तुझंच. नाही दिसला तर खांब हुभे. मंग बोलायचं नाही."

माझा नवरा भागवत त्या वेळी दोघांकडे बघून मान हलवत होता. त्याची मान कुणाच्या बाजूने हलते ते लग्नानंतर इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी तयारीने गेले. पुठ्ठ्यावर, शाळेच्या फळ्यावर काढावं तसं टपोरं अक्षर काढून टेबलाला लावलं: 'कोथिंबीर विकत मिळेल.'

नाडकर्णी बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "अय्या, विकत? बाकी कुणाकडे असं लिहिलेलं नाही."

"बाकी कुणाला लिहावं लागत नाही, ताई."

"रागावू नका हो. आम्ही काय एवढीशी मागतो?" असं म्हणून त्यांनी एवढीशी म्हणजे किती ते दोन्ही हातांनी दाखवलं. त्या मापात अख्खी जुडी बसली असती.

मी देत नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. एक आजोबा म्हणाले, "शेतकरीसुद्धा हल्ली व्यापारी झाला." दुसऱ्या कुणीतरी काकूंना बोलावून आणलं. काकू आल्या त्या माझ्या खांद्यावर हात ठेवूनच.

"रोहिणी, अगं तो शब्द काढ बाई. 'विकत' हे कसंतरीच वाटतं. आपल्यात नातं आहे ना?"

"नातं आहे, काकू. पण मी फक्त कोथिंबीरच लावलीय. ती वाटली तर मी काय विकू?"

"अगं, लोकांना प्रेम हवंय. ते एकदा जोडले गेले की बघ, पुढे सगळं होतं." पुढे म्हणजे कधी, आणि सगळं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. माझा पुठ्ठा उलटा करून त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'प्रेमाची मूठ'. मग फोन काढला. "आता दे बघू नाडकर्णींना. इकडे बघून. हस."

मी हसले. अजून तो व्हिडिओ कुठेतरी असेल. माझी मूठ नाडकर्णी बाईंच्या पिशवीत जातेय आणि मागून काकूंचा भरून आलेला आवाज: "बघा, मॉलमध्ये देतं का कोणी असं? ही आपल्या शेतकऱ्याची दानत!" हा व्हिडिओ त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शेजारच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेला, आणि तासाभरात तिथलीही माणसं दानत बघायला पिशव्या घेऊन आली.

त्यात रंगनाथ. वांगी मापता मापता तो मान वळवून प्रत्येकाला सांगत होता, "वर कोथमीर तिकडं घ्या, ताई. वहिनींकडं." आणि माझ्याकडे बोट दाखवत होता. आधी मला वाटलं होतं, लोक आपल्या मनाने येताहेत. बोट दिसलं तेव्हा मी टेबल सोडून त्याच्याकडे गेले.

"रंगनाथभाऊ, माझ्या कोथिंबिरीवर तुमची वांगी खपवताय का?"

"मी काय त्यांना मागायला लावतो का, वहिनी?" त्याने फेटा सारखा केला. "लोकं मागतेत. माझ्याकडं कोथमीर नाही. मंग बोट तर दाखवावंच लागंल ना?"

"मग माझ्या जुड्या विकत घ्या आणि तुम्ही द्या वर."

"असं कसं? मला परवडायचं नाही ते."

हा माणूस आमच्या शेजारच्या गावचा. याच्या बापाची आणि नानांची एकत्र उठबस. दलाल बरा, तो निदान आपल्याला लुटतोय हे आपल्याला माहीत असतं. मला रंगनाथचा इतका संताप आला की त्या दिवशी डबासुद्धा मी उघडून पाहिला नाही.

त्या आठवड्यात बांधावरचे खांब उचलून रानाच्या कडेला आणले गेले. नानांनी चुन्याची फक्की मारून खड्ड्यांच्या खुणा केल्या, माझ्या उभ्या कोथिंबिरीला लागून. मी भागवतला म्हटलं, "तुम्ही काहीतरी बोला."

"मी काय बोलू? नाना म्हणतेत ते बी खरंय."

"आणि मी म्हणते ते?"

"ते बी खरंय."

शेवटचा तोडा उरला होता. तो घेऊन मी तिसऱ्या रविवारी गेले. मार्केट यार्डात नेला असता तर त्या दिवशीच्या पडलेल्या भावात टेम्पोचं भाडंही निघालं नसतं, म्हणून गेले. दुसरी काही आशा नव्हती.

आणि पाहते तर माझ्या शेजारी, रंगनाथच्या विरुद्ध बाजूला, एक नवीन टेबल. त्याला झेंडूची माळ. वर फलक: 'गच्चीतला बळीराजा'. टेबलामागे इरकल साडी नेसून, डोक्याला फेटा बांधून सबनीस काकू स्वतः. पुढ्यात पितळेचं ताट, ताटात केळीचं पान, पानावर मोजून सात टोमॅटो.

त्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांमधले होते ते. या टोमॅटोंना सोसायटीत ओळखत नाही असं कोणी नव्हतं. पहिलं फूल आलं तेव्हा काकूंनी पेढे वाटले होते. फळ धरलं तेव्हापासून रोज सकाळी ग्रुपवर फोटो. आता ते विकायला आले होते, आणि भाव बाजारातल्या टोमॅटोच्या कितीतरी पट, कारण हे 'मायेने वाढवलेले' असं खाली लिहिलं होतं. आम्ही बाकीचे आमची पिकं बहुधा द्वेषाने वाढवत असू.

"रोहिणी," काकूंनी माझा हात हातात घेतला, "आज मीपण तुमच्यातलीच. आता मला कळतं गं, शेतकऱ्याचं काळीज काय असतं ते."

"बरं झालं, काकू," मी म्हटलं आणि जुड्या मांडायला घेतल्या.

थोड्या वेळाने नाडकर्णी बाई आल्या. पिशवीत वांगी. सवयीने पिशवीचं तोंड माझ्यापुढे उघडलं, माझाही हात सवयीने जुडीकडे गेला. पलीकडे रंगनाथचं बोट अजून हवेत होतं, माझ्या दिशेने. ते मला दिसलं, आणि काय झालं कोण जाणे, माझंही बोट उठलं.

"आज वर तिकडं आहे, ताई," मी म्हणाले. "काकूंकडे. टोमॅटो."

"टोमॅटो वर?" बाईंचे डोळे मोठे झाले. "वैजयंती बोलली नाही काही!"

"त्या कशाला बोलतील? तुम्ही मागा, देतील. त्यांची दानत तुम्हाला माहीत आहेच."

बाई दोन पावलांत तिकडे पोचल्या. "वैजयंती, वर दोन टोमॅटो टाक गं."

काकू आधी हसल्या. "चेष्टा करतेस?"

"चेष्टा कसली? वांगी घेतलीत मी."

"अगं, पण ते त्या पेखळेंकडून! हे माझे आहेत. विकायचेत."

"असू दे गं. घरचेच तर आहेत."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याखालचा चेहरा बदलला. तेवढ्यात मागून दुसरं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं. मी बोट दाखवलं, "वर तिकडं." तिसरं आलं. "वर तिकडं." पुढे मला तोंड उघडायची गरज राहिली नाही. रांग दिसली की काय मिळतंय ते न विचारता उभी राहणारी माणसं सगळीकडे असतात, ती पर्णश्रीतही होती.

"अहो, नाही! अहो, हे वर नाहीत!" काकूंनी ताटावर पदर पसरला. पदराखाली एका बाजूने हात आला आणि एक टोमॅटो घेऊन गेला. मागच्या रविवारी ज्यांना शेतकरी व्यापारी झालेला दिसला होता, त्याच आजोबांचा हात होता तो. त्यांनी टोमॅटो दाबून पाहिला आणि पिशवीत टाकला.

"ठेवा तो! चार महिने... अहो, मी लेकरासारखे वाढवलेत!"

"ते दिसतंच आहे," आजोबा भारावून म्हणाले. "फार मोठं मन लागतं हो असं द्यायला." आणि खालच्या आवाजात, "थोडा कच्चाय. जरा पिकलेला बघता का?"

नाडकर्णी बाईंनी दोन घेतले, मागच्या कुणीतरी एक. एक मुलगी फोन वर धरून होती, ती ओरडली, "आजी, इकडे बघून हसा ना!" रंगनाथ वांगी मापायची सोडून बघत उभा राहिला होता. ताटात तीन उरले तेव्हा काकू ताट छातीशी धरून मागे सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मी टेबलाखाली तोंड घालून हसले, इतकी की पोटात दुखायला लागलं. लग्न होऊन आल्यापासून मी तशी हसले नव्हते.

वर आले तेव्हा काकूंनी माइक घेतलेला होता.

"ऐका! सगळ्यांनी ऐका!" आवाज थरथरत होता. "या बाजारात यापुढे कुणीही काहीही वर मागायचं नाही! ही लूट आहे! एकेका रोपामागे माणसाचा जीव जातो, तुम्हाला कळतं का? फुकट हवं असेल त्यांनी इथे यायचंच नाही!"

मग टाळ्या. सगळ्यात जोरात टाळ्या टोमॅटोवाल्या आजोबांच्या. काकू ताट हातात घेऊनच फाटकापाशी गेल्या आणि 'घासाघीस करू नये'च्या खाली जाड पेनाने लिहून आल्या: 'वर मागू नये.'

नाडकर्णी बाई माझ्यासमोर येऊन घुटमळल्या. "म्हणजे आता कोथिंबीर...?"

"जुडी आहे, ताई."

"केवढ्याला?"

मी भाव सांगितला. बाईंनी फलकाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पर्स उघडली. त्यांच्यामागच्या बाईंनीही उघडली. दोन रविवार मुठीमुठीने घरं भरायची सवय लागली होती त्यांना. कोथिंबिरीवाचून आता कुणाच्या आमटीला चव येत नव्हती. बाजार उठायच्या आत माझं टेबल रिकामं झालं. शेवटच्या दहा जुड्या रंगनाथने घेतल्या. कोथिंबीर नाही म्हटल्यावर त्याची दोन गिऱ्हाइकं वांगी परत ठेवून गेली होती, म्हणून तो आता चोरून वर द्यायला लागणार होता. "वहिनी, भावात काही..." त्याने सुरुवात केली. मी फाटकाकडे बोट दाखवलं.

निघताना काकू भेटल्या. उरलेले तीन टोमॅटो रुमालात बांधलेले.

"रोहिणी, तुझ्याकडून पण असंच घेत होते की गं लोक! मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले होते, काकू. पुठ्ठ्यावर लिहूनसुद्धा लावलं होतं."

काकूंना आठवलं. मग म्हणाल्या, "पण ते वेगळं गं. तुमच्याकडे ढीगभर असते. माझे मोजून सात होते."

घरी आले तेव्हा नाना रानाच्या कडेला खांबांपाशी उभे होते, पहार हातात. मी डबा त्यांच्यापुढे उघडला. त्यांनी आत पाहिलं, रिकाम्या टेम्पोत पाहिलं, परत डब्यात पाहिलं.

"समदी इकली?"

"सगळी."

"कशी काय?"

मी सगळं सांगितलं. नाडकर्णी बाई, रांग, पदर, माइक. भागवत मध्येच खो-खो हसायला लागला. नाना हसले नाहीत. त्यांनी पहारीवर हनुवटी टेकली.

"म्हंजी दोन रविवार तू घसा कोरडा केला, कुनी ऐकलं नाही," ते हळू म्हणाले. "आन् त्या बाईचं चार टमाटे गेलं तर समद्या बाजाराला कायदा झाला."

"हो."

"आन् उद्या तिची टमाट्याची झाडं मेली, तिचं शेतीचं खूळ उतरलं, तर?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. नानांनी पहार खांद्यावर घेतली. "खांब ऱ्हाऊ दे पडून. लाव तुझी कोथमीर. पर त्या बाईवर ध्यान ठेव."

पुढच्याच आठवड्यात काकूंच्या झाडांवर नागअळी आली. ग्रुपवर पानांचे फोटो पडले, खाली एकाने लिहिलं, 'काकू, कशाला या वयात हा त्रास? आता निवडुंग लावा, पाणीही लागत नाही.' काकूंनी त्यावर होकाराचा अंगठा टाकला होता. ते मला कळलं तशी मी फवारणीचा पंप पाठीवर चढवला, निंबोळी अर्काचा कॅन घेतला आणि पर्णश्री गाठली. लिफ्टमधली माणसं नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात सरकली. गच्चीवर जाऊन मी प्रत्येक कुंडीतलं प्रत्येक पान उलटंपालटं करून धुऊन काढलं. काकू बाजूला उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

"किती गं माया तुझी," त्या म्हणाल्या. "कुणी करत नाही एवढं."

"एकही झाड मरू देणार नाही, काकू," मी म्हटलं, आणि आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य मी अगदी मनापासून बोलले.